‘मी’ खोडून ‘के.’ लिहिलं आणि कादंबरी बदलली: लेखकांच्या खाडाखोडीतून मनाबद्दल काय कळतं?

१९२२ सालची सुरुवात. क्षयानं आजारी असलेला अडतीस वर्षांचा एक माणूस प्राग सोडून बर्फाळ डोंगरातल्या एका गावी विश्रांतीला जातो आणि त्याच सुमारास वहीत नवी कादंबरी लिहायला घेतो. कादंबरीही बर्फातच सुरू होते. रात्री उशिरा एक परका माणूस एका गावात येऊन पोचतो. निवेदन ‘मी’चं आहे. मी असं केलं, मग मी तसं केलं, अशा ओघात पहिली दोन प्रकरणं लिहून होतात.

तिसऱ्या प्रकरणात हा ‘मी’ आणि दारूच्या गुत्त्यात काम करणारी फ्रीडा एकमेकांच्या जवळ येतात आणि नेमका तिथेच लेखकाचा हात अडतो. तो ‘मी’ लिहायचं सोडतो आणि ‘के.’ लिहायला लागतो. एवढ्यावर थांबत नाही. पानं उलटी फिरवून मागं जातो आणि आधी लिहिलेला एकेक ‘मी’ खोडून त्याच्या जागी ‘के.’ घालत येतो.

हा माणूस म्हणजे फ्रान्झ काफ्का, आणि कादंबरी म्हणजे ‘द कॅसल’. आज दुकानात मिळणारी प्रत उघडलीत तर पहिल्या पानापासून ‘के.’च भेटतो. ‘मी’चा मागमूसही नाही. तो फक्त वहीत आहे, खोडलेल्या शाईखाली.

आता कुणी म्हणेल, सर्वनाम तर बदललं, त्यात काय एवढं?

इथं एक गंमत आहे आणि ती मराठी माणसाला पटकन कळेल. मराठीत ‘मी आलो’चं ‘तो’ करायचं तर ‘आला’ करावं लागतं, ‘मी बसलो होतो’चं ‘तो बसला होता’ करावं लागतं. बऱ्याच वाक्यांची मोडतोड होते. जर्मन भाषेत भूतकाळ सांगताना ‘मी’ आणि ‘तो’ या दोघांचं क्रियापद सारखंच असतं. त्यामुळे काफ्काला बहुतेक ठिकाणी सर्वनाम सोडून दुसरं काही हलवावं लागलं नाही. डॉरिट कोन या अभ्यासक बाईंनी १९६८ मध्ये याच खाडाखोडीवर एक निबंध लिहिला. त्यांना महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच होती की एवढा मोठा बदल होऊनही बाकीचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा राहिला. म्हणजे ‘मी’ गेला, पण बघणारे डोळे त्याचेच राहिले. ‘के.’ला जे दिसतं तेवढंच वाचकाला दिसतं. ‘के.’ला जे कळत नाही ते वाचकालाही कळत नाही.

मग फरक पडला कुठं? ‘मी’ बोलतो तेव्हा आपण गृहीत धरतो की हा माणूस सगळं घडून गेल्यावर सांगतोय. त्याला शेवट ठाऊक आहे. तो असं का वागला याचा जाब त्याला विचारता येतो. ‘के.’ला तो विचारता येत नाही. आपण त्याच्या डोक्यात असतो, पण तो आपल्याशी बोलत नसतो. काफ्का वाचताना जी घुसमट होते, तिचं एक कारण त्या खोडलेल्या ‘मी’मध्ये आहे.

जुन्या वह्या वाचायचं शास्त्र

छापील पुस्तकाऐवजी त्याच्या आधीच्या वह्या, चिठ्ठ्या, टाइप केलेले कागद आणि प्रुफं वाचायची, आणि पुस्तक कसं झालं हे शोधायचं, अशी अभ्यासाची एक वेगळी शाखाच आहे. फ्रान्समध्ये ती विशेष रुजली. १९८२ मध्ये पॅरिसमध्ये सरकारी संशोधन परिषदेच्या छत्राखाली आधुनिक हस्तलिखितांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. या पद्धतीच्या फ्रेंच नावात ‘जेनेटिक’ असा शब्द येतो, पण त्याचा जीन्सशी संबंध नाही. तिला ‘उत्पत्तीची समीक्षा’ म्हणता येईल.

आपल्याकडे पोथ्यांची पाठचिकित्सा होतेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, ती हेच काम नव्हे का? नाही. तिथं वेगवेगळ्या प्रती ताडून जुन्यात जुना पाठ शोधायचा असतो. इथं शुद्ध पाठाची चिंताच नाही. इथं चुकीची वाटच मोलाची. लेखक कुठं अडला, कुठून परतला, काय फेकलं, हे बघायचं.

या अभ्यासाला विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या कादंबऱ्यांसारखं दुसरं रान नाही. कारण या लेखकांनी घेतलेलं कामच अजब होतं. त्यांना घटना सांगायच्या नव्हत्या, मन सांगायचं होतं. १८९० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानं विचार हे सुट्या मण्यांची माळ नसून वाहता प्रवाह आहेत असं मांडलं. १९१८ मध्ये मे सिंक्लेअर या लेखिकेनं डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांबद्दल लिहिताना हाच शब्द साहित्यासाठी वापरला. मराठीत त्याला ‘संज्ञाप्रवाह’ म्हणतात. बा. सी. मर्ढेकरांची १९४२ ची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी मराठीत या तंत्राचं ठळक उदाहरण मानली जाते. मर्ढेकर म्हटलं की कविताच आठवतात, कादंबरीकार मर्ढेकर फारसे कुणी वाचत नाही, हे आपलं दुर्दैव.

तर प्रश्न असा की मन खरंच असं वाहतं का? आणि वाहत असेल, तर लिहिणाऱ्यानं ते कागदावर धरलं कसं? छापील पुस्तक याचं उत्तर देत नाही, कारण तिथं सगळं आपोआप वाहिल्यासारखं दिसतं. वह्या मात्र चुगली करतात.

हातमोजे, घंटा आणि एक माणूस जो आधी नव्हताच

व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ १९२५ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली. लंडनमधला जून महिन्यातला एक दिवस. क्लॅरिसा डॅलोवे ही पन्नाशी ओलांडलेली, सुखवस्तू बाई संध्याकाळच्या पार्टीसाठी फुलं आणायला सकाळी घराबाहेर पडते. दुसरीकडे सेप्टिमस नावाचा तरुण, पहिल्या महायुद्धातून परतलेला, मनानं मोडलेला, त्याच शहरात बायकोबरोबर फिरतोय. दोघांची भेट कधीच होत नाही. संध्याकाळी पार्टीत एक डॉक्टर सहज सांगून जातो की एका तरुणानं आज जीव दिला. क्लॅरिसाला ते ऐकून आतून काहीतरी होतं.

आज या कादंबरीची कल्पना सेप्टिमसशिवाय करता येत नाही. पण वुल्फनं स्वतः १९२८ च्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगून टाकलंय की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच. मरणार होती क्लॅरिसा. पार्टीच्या शेवटी ती स्वतः जीव देणार होती, किंवा नुसती मरणार होती.

सुरुवात आणखी मागं जाते. १९२३ मध्ये वुल्फची एक लघुकथा छापून आली. त्यात हीच मिसेस डॅलोवे सकाळी बाहेर पडते, पण फुलं आणायला नाही, हातमोजे आणायला. कथा बॉन्ड स्ट्रीटवरच्या दुकानात संपते. या कथेतून कादंबरी फुटायला लागली तेव्हा, १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये, वुल्फनं रोजनिशीत लिहून ठेवलं की हे आता पुस्तक होणार, आणि त्यात शहाण्याच्या नजरेचं जग आणि वेड्याच्या नजरेचं जग शेजारी शेजारी ठेवायचं.

पुढचा खर्डा तीन वह्यांत आहे आणि त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यावर नाव ‘मिसेस डॅलोवे’ नाही, ‘द अवर्स’ आहे. म्हणजे तास, प्रहर. (याच नावाचा निकोल किडमनचा सिनेमा आठवत असेल, ज्यासाठी तिला ऑस्कर मिळालं. मायकेल कनिंगहॅमनं आपल्या कादंबरीसाठी वुल्फचं हे टाकून दिलेलं नाव उचललं आणि त्या कादंबरीवर तो सिनेमा आला.)

या खर्ड्याची सुरुवात क्लॅरिसापासून होत नाही. फुलंही नाहीत. सुरुवात होते ती वेस्टमिन्स्टरच्या घंटांपासून. आजूबाजूच्या चर्चच्या घंटा तासातासाला, अर्ध्या तासाला वाजतात, एकीची वेळ दुसरीशी पुरती जुळत नाही. वुल्फला आधी सापडलं होतं ते पात्र नव्हतं. तिला सापडला होता प्रश्न: घड्याळ सगळ्यांचं एक, पण प्रत्येकाच्या डोक्यातला वेळ वेगळा, मग या दोन वेळा एका पानावर कशा मांडायच्या? छापील पुस्तकात नाव बदललं, सुरुवात बदलली, पण घंटा राहिल्या. बिग बेनचे टोले ऐकतच कादंबरी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उडी मारते. टोला सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू येतो ना, म्हणून.

दुसरी अडचण भूतकाळाची होती. गोष्ट एका दिवसाची, पण क्लॅरिसाचं तरुणपण, तिनं नाकारलेला पीटर वॉल्श, बोर्टनचं घर, हे सगळं यायला हवं. जुन्या पद्धतीनं लिहायचं तर ‘तीस वर्षांपूर्वी असं झालं होतं’ म्हणून एक प्रकरण घालायचं. वुल्फला ते नको होतं. १९२३ च्या ऑगस्टमध्ये ती रोजनिशीत लिहिते की आपण पात्रांच्या मागं गुहा खोदतोय, आणि या गुहा आतून एकमेकींना जोडल्या जातील. दीड महिन्यानं ती याला बोगदे खणण्याची रीत म्हणते. भूतकाळ एकदम ओतायचा नाही, लागेल तेवढा हप्त्याहप्त्यानं द्यायचा. ही साधी वाटणारी युक्ती सापडायला आपल्याला वर्षभर चाचपडावं लागलं, असंही ती नोंदवते.

तो ‘वर्षभर’ महत्त्वाचा आहे. पुस्तक वाचताना वाटतं की या बाईला माणसाचं मन कसं चालतं ते ठाऊक होतं आणि तिनं ते लिहून काढलं. वह्या आणि रोजनिशी उलट सांगतात. लिहीत गेली तसतसं तिला ते कळत गेलं.

आणि हे काम सुरक्षित नव्हतं. वुल्फला तरुणपणापासून मानसिक आजाराचे तीव्र झटके आले होते. सक्तीची विश्रांती, डॉक्टरांचे हुकूम, हे सगळं तिनं भोगलं होतं. सेप्टिमसला भेटणारे डॉक्टर कादंबरीत इतके चीड आणणारे का आहेत, हे त्यावरून समजतं. वेडाचा भाग लिहिताना आपलं मन तिरळं होतं, तो भाग समोर घेऊन बसणंही कठीण जातं, अशी नोंद तिनं १९२३ मध्ये केली आहे. क्लॅरिसाला मारायचं होतं तिथं सेप्टिमस आला, हा बदल म्हणूनच नुसत्या कथानकाचा नाही. एकाच मनात शहाणपण आणि वेड दोन्ही असतं, आणि गोष्टीत ते दोन माणसांत वाटून ठेवता येतं, हे तिला लिहिताना सापडलं. प्रस्तावनेतही ती सेप्टिमसला क्लॅरिसाचं दुसरं रूपच म्हणते.

पुढच्या कादंबरीच्या, ‘टू द लाइटहाऊस’च्या, टिपणात तर तिनं शब्दांऐवजी चित्रच काढलं. दोन ठोकळे आणि त्यांना जोडणारा एक बोळ, इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा आकार. बोळ म्हणजे मधली दहा वर्षं, ज्यात घर रिकामं पडलंय आणि बघायला कुणाचंच मन तिथं नाही. कादंबरीचा आकार आधी सापडला तो नकाशाच्या रूपात.

प्रवाह म्हणायचा आणि गोधडी शिवायची

जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ म्हणजे संज्ञाप्रवाहाचा कळस असं शाळा-कॉलेजात सांगतात. वाचताना खरंच वाटतं की कुणीतरी डोक्यात माइक लावलाय आणि आत जे चाललंय ते थेट ऐकू येतंय. तिसऱ्या प्रकरणात स्टीफन डेडलस हा तरुण डब्लिनच्या समुद्रकिनाऱ्यावर एकटा चालतो आणि विचार लाटांसारखे येत राहतात. एकसंध, न थांबणारे.

२००२ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जॉइसच्या कागदपत्रांचा एक मोठा संग्रह विकत घेतला, किंमत सव्वा कोट युरोंच्या आसपास. त्यात या किनाऱ्यावरच्या प्रकरणाचा एक जुना खर्डा निघाला. तो एकसंध नाही. ते सुटे तुकडे आहेत, मधे चांदण्या काढून एकमेकांपासून वेगळे ठेवलेले. इथला एक परिच्छेद, तिथला एक, त्यांचा एकमेकांशी धड संबंध लागत नाही. किनाऱ्यावरून सलग चालत जाणारा माणूस आणि सलग वाहणारे विचार हे नंतर आले, तुकडे जोडताना.

म्हणजे आपण ज्याला प्रवाह म्हणतो ती होती गोधडी!

पुढं तर जॉइसनं ही शिवणकला फार टोकाला नेली. त्याच्याकडे टिपणांचे मोठमोठे ताव असत, त्यावर बारीक अक्षरात शब्द, वाक्यांचे तुकडे, ऐकलेल्या म्हणी. त्यातलं एखादं टिपण कादंबरीत वापरलं की तो लाल, निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या खडूनं ते खोडत असे. असे रंगीत ताव ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फ्रान्समधल्या दिजाँचा मुद्रक जुळवलेल्या मजकुराची प्रुफं पाठवायचा, आणि ती तपासण्याऐवजी जॉइस समासात नवीन मजकूर लिहून परत पाठवायचा. पुन्हा प्रूफ, पुन्हा समास भरलेला. अभ्यासकांच्या हिशेबानं कादंबरीचा सुमारे एक तृतीयांश भाग असा प्रुफावर वाढला. मुद्रकाचं काय झालं असेल, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शेवटचं प्रकरण मॉली ब्लूमचं. रात्री अंथरुणात पडून तिच्या मनात जे येतं ते, जवळजवळ विरामचिन्हांशिवाय. ‘युलिसिस’ न वाचलेल्यांनाही त्यातला पुन्हा पुन्हा येणारा होकार ठाऊक असतो. झोपेला आलेल्या बाईचं मोकाट मन! पण त्या होकारांतले कितीतरी जॉइसनं उशिरा, मजकूर तयार झाल्यावर, एकेक करून पेरलेले आहेत. मोकाटपणाही मोजूनमापून बसवलेला.

त्याचा चित्रकार मित्र फ्रँक बजेन यानं एक किस्सा लिहून ठेवलाय. जॉइस म्हणाला, आज दिवसभर काम केलं. किती लिहिलं? दोन वाक्यं. योग्य शब्द सापडत नव्हता का? नाही, शब्द सगळे होते, त्यांचा क्रम लावत होतो.

मग ही फसवणूक झाली का? मनाचा प्रवाह म्हणून आपल्या हाती शिवणकाम दिलं? असं वाटू शकतं, पण उलट बाजूनंही बघता येतं. आपलं मन तरी कुठं अखंड वाहतं? अर्धवट ऐकलेलं गाणं, काल कुणीतरी बोललेलं लागट वाक्य, दुकानाची पाटी, राहिलेलं लाइट बिल, हे तुकडेच असतात. आपणच मागाहून त्यांना ‘मी विचार करत होतो’ असं एकसंध नाव देतो. जॉइसच्या चांदण्या लावलेल्या तुकड्यांकडे बघितलं की वाटतं, तो मनाच्या जास्त जवळ खर्ड्यातच होता.

चहा-टोस्टचं झालं मादलेन

मार्सेल प्रूस्तचा किस्सा सगळ्यात प्रसिद्ध. निवेदक चहात मादलेन नावाचा छोटा केक बुडवून खातो आणि त्या चवीसरशी हरवलेलं बालपण जसंच्या तसं उभं राहतं. आपसूक येणारी आठवण म्हणजे काय, हे सांगायला जगभर हेच उदाहरण देतात.

खर्ड्यांत मादलेन नाही. १९०९ च्या सुमाराच्या लिखाणात आहे भाजलेल्या पावाचा तुकडा. पुढच्या एका वहीत त्याचा कडक बिस्किटासारखा टोस्ट होतो. मादलेन त्यानंतर. आपल्या भाषेत सांगायचं तर सुरुवात साध्या चहा-टोस्टपासून होती. २०१५ मध्ये या वह्यांची हुबेहूब प्रत फ्रान्समध्ये छापून आली तेव्हा वर्तमानपत्रांनी याच्या मजेदार बातम्या केल्या. पण मुद्दा गमतीपुरता नाही. सगळ्यात खरी, आपोआप आलेली म्हणून जी आठवण जगाला माहीत आहे, तीही तीनदा लिहून घडवावी लागली.

प्रूस्त तर कागदालाच पुरू देत नसे. पान भरलं की कडेला पट्टी चिकटवायची, ती भरली की तिला दुसरी पट्टी. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या वह्यांमध्ये अशा घड्या घातलेल्या पट्ट्या आहेत, त्यातल्या काही उलगडल्या तर माणसाच्या उंचीपेक्षा लांब भरतात. एक आठवण दुसरीला कशी चिकटते हे त्याच्या वाक्यांत दिसतंच, इथं ते डिंकानं चिकटवलेलं दिसतं.

विचार डोक्यात होतो की वहीत?

या सगळ्याचा मनाच्या तत्त्वज्ञानाशी काय संबंध?

१९९८ मध्ये अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी एक छोटा पण खळबळजनक निबंध लिहिला. त्यात ऑटो नावाचा एक काल्पनिक माणूस आहे. त्याला अल्झायमर आहे, म्हणून तो सगळं वहीत लिहून ठेवतो. न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात जायचं तर वही उघडतो, पत्ता बघतो, निघतो. दुसरी बाई, इंगा, तोच पत्ता डोक्यात आठवून निघते. दोघांच्या वागण्यात फरक काय? क्लार्क आणि चाल्मर्स म्हणाले, ऑटोची वही हा त्याच्या मनाचाच भाग धरायला हवा. मन कवटीच्या आत संपत नाही. मोबाइल हरवल्यावर आपला अर्धा मेंदू गेल्यासारखं ज्यांना वाटतं, त्यांना हे फार पटवून द्यावं लागणार नाही.

आधुनिकतावादी कादंबऱ्यांबद्दल अनेक वर्षं असं शिकवलं गेलं की या लेखकांनी बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवली आणि ते आत, मनात शिरले. डेव्हिड हर्मन या अभ्यासकानं २०११ च्या सुमारास हे उलटवलं. त्याचं म्हणणं, या कादंबऱ्या मन आणि भोवतालचं जग यांचं सतत चाललेलं देणंघेणं दाखवतात. बिग बेनचे टोले, समुद्रकिनाऱ्यावरची वाळू, चहातला केक, हे सगळं मनाच्या बाहेरचं आणि तरीही विचाराचा भाग. बेल्जियन अभ्यासक डिर्क व्हान हुले यानं २०१४ च्या पुस्तकात ही गोष्ट हस्तलिखितांपर्यंत नेली. पात्रांचं मन जसं जगाशी खेळत विचार करतं, तसं लेखकाचं मन कागदाशी खेळत विचार करतं. खोडणं, बाण काढणं, पट्टी चिकटवणं हा झालेल्या विचारांचा कचरा नसून खुद्द विचार आहे.

हे मान्य केलं तरी एक सावधगिरी हवी. हस्तलिखित म्हणजे लेखकाच्या मेंदूचा स्कॅन नव्हे. चालताना, आंघोळ करताना, रात्री जागताना जे ठरलं त्याची वहीत खूण नसते. काफ्कानं ‘द जजमेंट’ ही कथा १९१२ मध्ये एका रात्रीत, रात्री दहा ते सकाळी सहा, बैठक न मोडता लिहिली. तिथं खाडाखोड शोधणाऱ्याच्या हाती फार लागत नाही. आणि जे कागद उरले ते योगायोगानं उरले. काफ्कानं मित्र मॅक्स ब्रॉडला सगळं जाळून टाकायला सांगितलं होतं. ब्रॉडनं ऐकलं नाही. १९३९ मध्ये नाझी प्रागमध्ये शिरले त्या रात्री तो काफ्काचे कागद सूटकेसमध्ये भरून आगगाडीनं निसटला. ‘द कॅसल’च्या वह्या पुढं स्वित्झर्लंडच्या बँकेत राहिल्या आणि १९६१ मध्ये माल्कम पॅसली या प्राध्यापकानं त्या आपल्या छोट्या फियाट गाडीतून ऑक्सफर्डला नेल्या. तो खोडलेला ‘मी’ आज आपल्याला ठाऊक आहे तो या उपद्व्यापांमुळं, आणि लेखकाची इच्छा मोडून. हे बरोबर झालं का, यावर आजही वाद घालता येतो.

पुढच्या लेखकांचं काय, हाही प्रश्न आहेच. बॅकस्पेस दाबलं की ‘मी’ जातो आणि खाली शाई उरत नाही. काही लेखक फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपतात, बहुतेक जपत नाहीत.

या वह्या बघायला आता पॅरिस किंवा ऑक्सफर्डचं तिकीट काढायलाच हवं असं नाही. प्रूस्तच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. सॅम्युएल बेकेटच्या हस्तलिखितांचा मोठा डिजिटल प्रकल्प २०११ पासून चालू आहे, आणि त्याच्या प्रमुखांपैकी एक म्हणजे हाच व्हान हुले. तिथं एकेका वाक्याच्या सगळ्या आवृत्त्या एकाखाली एक लावून बघता येतात.

त्या प्रकल्पाचा पहिला भाग बेकेटच्या शेवटच्या लिखाणाचा आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात बेकेट घरात पडला. वय ८२. दवाखान्यात न्यावं लागलं आणि काही काळ त्याला शब्द सापडेनात. बोलायला जावं तर नेमका शब्द हुलकावणी द्यायचा. ज्यानं आयुष्यभर शब्द अपुरे पडतात हे लिहिलं, त्याच्यावर ती वेळ खरोखर आली. थोडा सावरल्यावर त्यानं फ्रेंचमध्ये एक छोटी कविता लिहायला घेतली. विषय एवढाच की शब्द आठवत नाहीये, तो कुठला शब्द. पुढच्या वर्षी तिचं इंग्रजी त्यानं स्वतःच केलं आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. त्या कवितेचे खर्डे उघडून बघितले तर ओळ सुरू होते, अडते, खोडली जाते, थोडी पुढं जाऊन पुन्हा सुरू होते. मग छापील कविता उघडावी. तीही तशीच आहे. फक्त खोडल्याच्या रेघा काढून टाकल्यात.